नमुना खोलीतली कंबर

ताई : एवढंच म्हणतेय, ही खुर्ची थोडी वाईट कर.

आर्किटेक्ट : वाईट म्हणजे?

ताई : वाईट म्हणजे वाईट. जरा डुगडुगू दे. नाहीतर पाठीला एखादी फळी टोचू दे. आता ते पण मी सांगायचं का? एवढी मोठी आर्किटेक्ट ना तू?

आर्किटेक्ट : ताई, कॉलेजात मला चांगली खुर्ची कशी करायची ते शिकवलं. वाईट कशी करायची ते कुणी शिकवलंच नाही.

ताई : त्यात शिकायचंय काय? आमच्या जुन्या ऑफिसात जा आणि हवी ती उचल. तिथलं एकेक स्टूल असं आहे, की सकाळी सरळ बसलेला माणूस संध्याकाळी प्रश्नचिन्ह होऊन उठतो.

आर्किटेक्ट : म्हणून तर तुमच्या भावानं मला नवी इमारत काढायला सांगितलीय ना? उजेडाची, वाऱ्याची, वीज कमी खाणारी, माणसांच्या तब्येतीला जपणारी. आणि ती खरंच तशी होईल का, हे आधी बघायला म्हणून ही नमुना खोली. गोदामाचा कोपरा रिकामा करून बांधलीय मी. भिंतींना चुन्याचा गिलावा, उत्तरेची खिडकी, वर-खाली होणारं टेबल...

ताई : आणि पाणी पार त्या टोकाला. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई पाणी जवळ ठेवायला विसरली.

आर्किटेक्ट : मुद्दाम ठेवलंय. तहान लागली की माणूस उठतो, चार पावलं चालतो.

ताई : मुद्दाम! तिथंच माझा घात झाला.

आर्किटेक्ट : इतक्या वर्षांची कंबर बरी झाली, त्याला घात म्हणतात?

ताई : हळू बोल, बाई! पलीकडे पॅकिंगवाल्या बसल्यात. आणि बरी झाली असं म्हणालं कोण तुला? ही बघ, उठते. आई गं! ऐकलंस?

आर्किटेक्ट : ऐकलं. पण मघाशी ती कुंडी उचललीत, तेव्हा काही ऐकू आलं नाही.

ताई : कुठली कुंडी?

आर्किटेक्ट : ती मोठी. खाली वाकून, दोन्ही हातांनी उचलून उन्हात ठेवलीत. मी दारातच उभी होते.

ताई : ...बघितलंस होय.

आर्किटेक्ट : बघितलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोली लागू पडली म्हणून.

ताई : तुला आनंदानं आलं. मला कंबर बरी झाल्याचं कळलं, त्या दिवशी घरी जाऊन रडू फुटलं. घाबरून.

आर्किटेक्ट : घाबरायचं कशाला पण?

ताई : तू नवीन आहेस, म्हणून विचारतेस. आपली कंपनी कंबरदुखीचे पट्टे विकते. त्यातला एखादा पास कसा होतो, माहितीय?

आर्किटेक्ट : मशीनवर ताण देऊन बघत असतील.

ताई : मशीन आत्ता आलं. त्याच्या आधीपासून मी आहे. नवा पट्टा शिवून झाला की पहिल्यांदा मला बांधतात. मी दिवसभर स्टुलावर बसते. संध्याकाळी सगळे गोळा होतात, शिलाईवाले, विक्रीवाले, आमचा छोट्या, म्हणजे तुझे साहेब, स्वतः. आणि मग मी उठते.

आर्किटेक्ट : आणि?

ताई : आणि सगळे कान देऊन ऐकतात. लांबलचक 'आई गं' निघालं की पट्टा नापास. नुसतं 'आई' निघालं तर थोडी दुरुस्ती. आणि नुसता सुस्कारा आला, की टाळ्या.

आर्किटेक्ट : चेष्टा करताय माझी.

ताई : चेष्टा? अगं, त्या मशीनचा आकडा आणि माझं 'आई गं' यांचं जमलं नाही, तर मशीन दुरुस्तीला पाठवतात.

आर्किटेक्ट : अरे देवा.

ताई : हसू नकोस. छोट्या शिकत होता तेव्हा मी घरी दप्तरं शिवायचे. वाकून वाकून कंबर कामातून गेली. तर त्यानं काय करावं? एका रविवारी माझ्याच शिवणातल्या दोन पट्ट्या घेतल्या, मध्ये कॅनव्हास घातलं, बकलं लावली आणि माझ्या कंबरेला आवळून बांधलं. तोच आपला पहिला पट्टा. त्यावर ही एवढी कंपनी झाली, आणि आता तिला ही जागा पुरेना म्हणून तू आलीस.

आर्किटेक्ट : मग तर तुम्ही मालकीणच झालात की. तुम्हाला कोण हात लावणार?

ताई : हात लावत नाहीत, तेच दुखणं आहे. पूर्वी शिलाई माझ्याकडे होती, आता तिथं माणसं आहेत. हिशेबाला माणसं आहेत. साधं टपाल उघडायचं, तर त्यालाही एक माणूस नेमलाय. माझ्याकडे राहिलं काय? ही कंबर. तीही बरी झाली, की मी फक्त साहेबांची बहीण. म्हणजे मला बघून सगळे उठून उभे राहणार आणि काम कुणी देणार नाही.

आर्किटेक्ट : आणि माझं काय, ताई? साहेब आज निकाल ऐकायला येणार आहेत. 'ताईच्या कंबरेला खोली मानवली तरच बांधू,' असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलंय. तुम्ही नापास म्हणालात, तर ते त्या दुसऱ्या आर्किटेक्टची काचेची पेटी बांधणार. एक खिडकी उघडत नाही तिची.

ताई : दुसरं काम मिळेल तुला. चुणचुणीत आहेस.

आर्किटेक्ट : मला मिळेल हो. त्या शिलाईवरच्या पोरींना दुसऱ्या कंबरा मिळणार आहेत का?

ताई : ...ती कोपऱ्यातली उंच पोरगी आहे ना, ती आता टेबलाला हात लावून उठायला लागलीय. परवाच बघितलं मी.

आर्किटेक्ट : मग?

ताई : मग काय मग? मला कळत नाही असं वाटतं का तुला? म्हणून तर म्हणतेय, खोली पास कर, फक्त माझी एकटीची खुर्ची वाईट कर. बाकी सगळ्यांना सुखात बसू दे. एक मी दुखले तर काय बिघडतं? मला सवय आहे.

आर्किटेक्ट : असं कुणी करतं का?

ताई : मी करते. चूप आता, पावलं वाजतायत. त्याचे बूट ओळखते मी.

(साहेब आत येतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गुंडाळलेला नकाशा.)

साहेब : नमस्कार मॅडम. वा, काय फ्रेश वाटतं इथं! ताई, कंबर?

ताई : आहे तशीच.

साहेब : तशीच? एवढे दिवस या खोलीत बसूनसुद्धा?

ताई : खोलीला नावं ठेवू नकोस. खोली उत्तम आहे. माझी कंबरच हट्टी आहे.

साहेब : मॅडम, तुमचं काय म्हणणं?

आर्किटेक्ट : माझं म्हणणं... कंबर ताईंची आहे, साहेब. त्यांनीच सांगावं.

साहेब : म्हणजे खोली पास, इमारत बांधू; पण ताईची कंबर होती तशीच. खरं सांगू? माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आर्किटेक्ट : उतरलं?

साहेब : अहो, रात्रंदिवस एकच विचार. इमारत हेल्दी झाली आणि सगळा स्टाफ ठणठणीत झाला, तर नवे पट्टे बांधून बघायचे कुणावर? विक्रीवाले तर उघड बोलायला लागले होते, 'साहेब, आपल्या मुख्य कचेरीतच कुणाची कंबर दुखत नसेल, तर गिऱ्हाईकाला सांगायचं काय?' म्हणून मी एक तोडगा काढलाय. हा बघा नकाशा. तुमचाच आहे, फक्त तळघरात मी एक चौकोन काढलाय.

आर्किटेक्ट : तळघरात मी सायकली ठेवल्या होत्या. लोकांनी सायकलवर यावं म्हणून.

साहेब : सायकली बाहेर लावू. इथं होईल 'पारंपरिक कक्ष'. हुबेहूब आपलं जुनं ऑफिस. तीच स्टुलं, तीच बुटकी टेबलं. ती लुकलुकणारी ट्यूबसुद्धा जपून काढून आणायची, फुटता कामा नये.

आर्किटेक्ट : एक मिनिट हं, साहेब. आरोग्यदायी इमारतीत तुम्हाला कंबर दुखवायची खोली हवीय?

साहेब : एकच खोली, मॅडम. बाकी अख्खी इमारत तुमची. वर झाडं लावा, छतावर सौर पॅनल लावा, पावसाचं पाणी साठवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण कंबरदुखीचाही साठा नको का थोडा? धंदा टिकला तर इमारत टिकणार ना?

आर्किटेक्ट : आणि नकाशावर सही माझी?

साहेब : तुमचीच. उलट तुम्हाला सोपं आहे. आजवर जे जे करू नका म्हणून सांगत आलात, ते सगळं इथं करायचं. मी लिहूनच ठेवलंय. पाणी हाताशी. उजेड मागून. आणि खिडकी अजिबात नाही.

ताई : खिडकी का नाही रे?

साहेब : खिडकी असली की माणूस उठून बघतो. उठला की कंबर मोकळी होते. मॅडमनीच शिकवलंय मला.

आर्किटेक्ट : माझंच चुकलं. मी तुम्हाला एवढं समजावून सांगायलाच नको होतं.

साहेब : आणि ताई, तू म्हणशील या खोलीत बसणार कोण? शिलाईवरच्या दोघी-तिघी बघून ठेवल्यात, ती कोपऱ्यातली उंच मुलगी वगैरे. तिची सुरुवात चांगली झालीय. पण मुख्य जागा तुझी. दारावर तुझं नाव लावणार. वर लॉबीत तुझा मोठा फोटो, वाकून शिलाई मशीनवर बसलेला. उद्घाटनाला पट्टा बांधून फीत तूच कापायची. बघ, तुला मनात धाकधूक होती, मला कळत नाही का? तुझी जागा कुणी घेणार नाही, ताई. कायमची तुझी.

ताई : कायमची.

साहेब : शब्द देतो. हवं तर दगडात कोरून लावू.

ताई : आणि वर उजेडात बाकीचे बसणार.

साहेब : बाकीच्यांचं सोड, ती साधी माणसं. तू खास आहेस.

ताई : त्या उंच पोरीचं वय माहितीय तुला? अं? तिची सुरुवात चांगली झालीय म्हणे! लाज नाही वाटत बोलायला? दे इकडे तो कागद! आधी दे म्हणते ना!

साहेब : ...ताई.

ताई : काय ताई? फाडणार आहे मी हा.

साहेब : ताई, तू उठलीस.

ताई : मग? कागद तुझ्या हातात, मी काय बसून फाडू?

साहेब : एका झटक्यात उठलीस. टेबलाला हात नाही, काही नाही. आणि 'आई गं' पण नाही म्हणालीस.

ताई : ...आई गं.

आर्किटेक्ट : आता फार उशीर झाला, ताई.

साहेब : म्हणजे बरी आहे? तुझी कंबर बरी आहे?

ताई : आहे बरी! पूर्ण बरी आहे. ती कुंडी मी उचलली, ते कपाट मी सरकवलं, घरी माळ्यावरचे डबेसुद्धा काढून घासून ठेवले. झालं समाधान?

साहेब : कधीपासून?

आर्किटेक्ट : बरेच दिवस झाले, साहेब. मला आजच कळलं. म्हणजे खोली पास झालीय. दोघांनी असे चेहरे का केलेत? ही आनंदाची बातमी आहे हो.

साहेब : मग तो निळा पट्टा... गेल्या आठवड्यात तुझ्या 'आई गं'वर आपण नापास केला तो?

ताई : चांगला होता तो. मी उगाच ओरडले.

साहेब : उगाच! शिलाईवाल्यांनी अख्खा उसवून पुन्हा शिवला गं तो!

ताई : (त्याच्या हातातला नकाशा ओढून तळघराचा चौकोन फाडते) माफी मागेन मी त्यांची. पण आधी तू ऐक. आपली माणसं दुखती ठेवायची आणि बाहेरच्यांना पट्टे विकायचे, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? बाहेर काय दुखऱ्या कंबरा कमी आहेत? दवाखान्यात जा, बाकावर रांग लावून बसलेत लोक. त्यांना बांध, त्यांना विचार, वर आभार मान त्यांचे. घरातल्याच पोरींना वाकवायचं, हे आलं कुठून?

साहेब : तुझ्यावरूनच आलं.

ताई : माझ्यावरून?

साहेब : तू वाकून शिवत राहिलीस, म्हणून मी शिकलो. तुझी कंबर दुखत राहिली, म्हणून कंपनी झाली. कधी थांबव म्हणाली नाहीस, कधी तक्रार केली नाहीस. मला वाटलं, असंच असतं. घरातलं एक माणूस दुखतं आणि बाकीचे पुढे जातात. तुला बरं वाटावं म्हणून पट्टा केला होता, ताई. खरंच त्यासाठीच केला होता. मग कधी ते राहून गेलं, मलाच कळलं नाही. पण तू तरी बरी झाल्याबरोबर मला येऊन का नाही सांगितलंस? मी काय तुला काढून टाकणार होतो?

ताई : काढून नसतं रे टाकलंस. तू दारात थांबला नसतास.

साहेब : कुठल्या दारात?

ताई : रोज सकाळी तू घाईघाईनं जातोस, फोन कानाला असतो. माझ्या दाराशी आलास की फोन खाली घेतोस आणि विचारतोस, 'ताई, कंबर?' मी म्हणते, 'आहे तशीच.' मग तू जातोस. दिवसभरात तेवढंच आपलं बोलणं. कंबर बरी झाली म्हटल्यावर तू कशाला थांबशील? काय विचारायला थांबशील? म्हणून मी ओरडत राहिले. वेडी म्हण हवं तर.

साहेब : वेडी नाही म्हणत.

आर्किटेक्ट : मी... पाणी पिऊन येते जरा. ते पार त्या टोकाला आहे.

साहेब : थांबा मॅडम. तो चौकोन खोडा.

आर्किटेक्ट : ताईंनी फाडलाय तो.

साहेब : मग बाकीचं बांधायला घ्या. सायकली ठेवा तिथं परत. आणि त्या उंच मुलीला उद्यापासून या खोलीत बसवा, इमारत होईपर्यंत.

आर्किटेक्ट : आणि पट्ट्यांची परीक्षा?

साहेब : ताई करेल. दवाखान्यात जाऊन. कोण खरं ओरडतंय आणि कोण खोटं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

ताई : मेल्या, टोमणा मारतोस?

साहेब : मारतोय. तेवढा हक्क आहे मला. निळा पट्टा उसवायला लावलास तू.

ताई : बरं, बरं. जा आता. तुझी कसलीतरी मीटिंग असेल.

साहेब : आहे.

ताई : मग जा ना. उभा काय राहिलास?

साहेब : काहीतरी विचारायचं म्हणतोय.

ताई : विचार की.

साहेब : ...गुडघे कसे आहेत तुझे?

ताई : ठणठणीत.

साहेब : मान?

ताई : छोट्या, मी काय आता एकेक अवयव मोजून दाखवू तुला?

साहेब : नाही, तसं नाही. थांब जरा, सुचू दे. इतक्या वर्षांत दुसरं काही विचारलंच नाही ना, म्हणून... ताई?

ताई : हं?

साहेब : संध्याकाळी घरी गेल्यावर तू करतेस काय गं?